लहरी पडून, पाडे रेंजविना

जून 2024 मध्ये केंद्र सरकारने मोबाइल स्पेक्ट्रमचा लिलाव मांडला. विक्रीला ठेवले 10,522 मेगाहर्ट्झ, राखीव किंमत 96,238 कोटी रुपये. दुसऱ्याच दिवशी लिलाव आटोपला. विकले गेले 141.4 मेगाहर्ट्झ, 11,341 कोटींना. 800, 2300 आणि 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांना एकही बोली लागली नाही. 26 गिगाहर्ट्झलाही नाही.

शंभरातले साडेअठ्ठ्याण्णव भाग तसेच पडून राहिले. आणि वर्षानुवर्षं आपल्याला बजावलं जातं की स्पेक्ट्रम दुर्मीळ आहे, म्हणून तो इतका महाग. दुर्मीळ वस्तूला गिऱ्हाईकच मिळू नये, असं कुठल्या बाजारात होतं? कंपन्यांनी 2022 मध्ये भरपूर खरेदी केली होती, आणि न विकल्या गेलेल्यात 26 गिगाहर्ट्झच्या, फार लांब न पोचणाऱ्या लहरींचा वाटा मोठा होता, हे मान्य. मग 700 मेगाहर्ट्झचं काय झालं ते बघा.

700 मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतून आत शिरतात, झाडीत कमी अडकतात. एका टॉवरवर जास्त वस्त्या भागतात. सातपुड्यातल्या आणि सह्याद्रीतल्या पाड्यांना हव्यात त्या नेमक्या याच. 2016 मध्ये सरकारने त्यांची राखीव किंमत देशभरासाठी दर मेगाहर्ट्झला 11,485 कोटी रुपये ठेवली. एकही बोली नाही. 2021 मध्ये ती 6,568 कोटींवर आणली. पुन्हा एकही बोली नाही. 2022 मध्ये 3,927 कोटींवर आली तेव्हा कुठे एका कंपनीने 10 मेगाहर्ट्झ घेतले. भाव एक तृतीयांशावर यायला सहा वर्षं गेली. स्पेक्ट्रम साठवून ठेवता येत नाही. काल वापरला नाही तो काल वाया गेला. या सहा वर्षांत करोनाची टाळेबंदी येऊन गेली आणि कोकणातली मुलं रेंज शोधत डोंगरावर जाऊन अभ्यासाला बसली.

ही नुसती किमतीची चूक असती तर किंमत उतरवून भागलं असतं. मूळ दुखणं परवान्याच्या रचनेत आहे.

कंपनी स्पेक्ट्रम विकत घेते तो अख्ख्या सर्कलसाठी. आपलं महाराष्ट्र सर्कल म्हणजे मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा. एकदा पैसे भरले की वीस वर्षं त्या लहरींवर सावंतवाडीपासून सिरोंचापर्यंत एकाच कंपनीचा हक्क. टॉवर मात्र गिऱ्हाईक असेल तिथेच उभे राहतात. पुण्याच्या हिंजवडीत त्या पट्ट्यात मुंगी शिरायला जागा नाही. भामरागडच्या जंगलात, धडगावच्या डोंगरात, मोखाड्याच्या दऱ्यांत तोच पट्टा मोकळा पडलेला असतो. तिथे कंपनी तो वापरत नाही आणि दुसऱ्या कुणी वापरला तर तो गुन्हा ठरतो. टॉवर किती उभारायचे याच्या किमान अटी परवान्यात असतात. त्या पुऱ्या करूनही शेकडो पाडे बाहेर राहतात.

सरकारची मागणी मात्र पाड्यांवर थांबत नाही. रेशनच्या दुकानात अंगठा ई-पॉस यंत्रावर लावायचा. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी, जानेवारी 2023 पासून, मोबाइल ॲपवर फोटोसह घ्यायची. रेंज नसेल तर धान्य अडतं, हजेरी अडते, हजेरी अडली की मजुरी अडते. ज्या राज्यव्यवस्थेने हातावर पोट असणाऱ्याला नेटवर्कची सक्ती केली, तिनेच नेटवर्कच्या लहरी कुलपात ठेवल्यात. मला यात राग येण्यासारखं पुष्कळ दिसतं.

या कुलपाची किल्ली पंचवीस वर्षांपूर्वीच तयार झाली आहे. 1999 मध्ये जोसेफ मिटोला आणि जेराल्ड मॅग्वायर यांनी ‘कॉग्निटिव्ह रेडिओ’ची कल्पना मांडली, मिटोलांनी पुढच्याच वर्षी स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठात त्यावर प्रबंध पुरा केला. आपण त्याला जाणता रेडिओ म्हणू. नेहमीचा रेडिओ नेमून दिलेल्या फ्रीक्वेन्सीवर बोलतो, भोवती काय चाललंय याची त्याला फिकीर नसते. जाणता रेडिओ आधी ऐकतो. या घडीला, या जागी कोणता पट्टा मोकळा आहे ते हेरतो, तिथे आपलं बोलणं सुरू करतो, आणि पट्ट्याचा मूळ हक्कदार आला की ताबडतोब बाजूला होतो. हक्क पहिल्याचाच. दुसऱ्याला मिळते ती फक्त मोकळी वेळ आणि मोकळी जागा.

अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे एफसीसीने, नेमलेल्या कार्यदलाने 2002 मध्येच लिहून ठेवलं की अनेक पट्ट्यांत खरी अडचण लहरींच्या तुटवड्यापेक्षा त्या वापरायला मिळण्याची आहे. हे वाक्य आपल्या दूरसंचार खात्यात भिंतीवर लावायला हवं.

‘आधी ऐका’ हे ऐकायला सोपं, करायला अवघड. समजा, जाणता रेडिओ डोंगराच्या आडोशाला बसवलाय. टीव्हीचा प्रक्षेपक डोंगरापलीकडे आहे. रेडिओला काहीच ऐकू येत नाही, म्हणून तो पट्टा मोकळा समजून बोलायला लागतो आणि समोरच्या टेकडीवरल्या घरात टीव्हीचं चित्र बिघडतं. अभियंते याला लपलेल्या केंद्राची अडचण म्हणतात. घाटमाथ्याच्या मुलखात तर ती पावलोपावली येणार. शिवाय टीव्हीचा अँटेना नुसता घेतो, पाठवत नाही. तो कुठे आहे हे ऐकून कळूच शकत नाही. म्हणून अमेरिकेने 2008 मध्ये टीव्हीच्या मोकळ्या वाहिन्या दुसऱ्यांना खुल्या करताना यंत्राने ऐकायचंही आणि नोंदवहीही बघायची, अशी दुहेरी अट घातली. 2010 मध्ये ऐकण्याची सक्ती काढली. उरली ती नोंदवही: यंत्र आपलं ठिकाण कळवतं, संगणकावरची यादी त्या ठिकाणच्या मोकळ्या वाहिन्या सांगते, यंत्र तेवढ्याच वापरतं. शहाणपणाचा निर्णय. हुशारी यंत्राच्या कानात असली काय आणि मध्यवर्ती यादीत असली काय, पाड्यावरच्या माणसाला फरक पडत नाही.

आता घरचं बघा. भारतात 470 ते 590 मेगाहर्ट्झ हा टीव्हीचा पट्टा. 8 मेगाहर्ट्झची एक, अशा 15 वाहिन्या. जमिनीवरून टीव्ही प्रक्षेपित करण्याचा हक्क एकट्या दूरदर्शनचा. आयआयटी मुंबईतल्या प्रा. अभय करंदीकर आणि सहकाऱ्यांनी देशातल्या प्रक्षेपकांची माहिती घेऊन 2014 मध्ये हिशेब मांडला: जवळपास सगळीकडे 15 पैकी किमान 12 वाहिन्या मोकळ्या. ऐंशी टक्के! अमेरिकेतल्या शहरांत मोकळी वाहिनी शोधावी लागते, आपल्याकडे भरलेली वाहिनी शोधावी लागते. त्यानंतर तर दूरदर्शनने आपले बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक बंद केले. ताजा हिशेब केला तर आकडा खाली येण्याचं काही कारण दिसत नाही.

याच मंडळींनी कागदावर थांबायचं नाकारलं. पालघर जिल्ह्यात खामलोली आणि आसपासच्या गावांत त्यांनी प्रायोगिक परवाना काढून टीव्हीच्या मोकळ्या लहरींवर इंटरनेट पोचवलं. त्यांची योजना साधी आणि पक्की होती. फायबर जिथे संपते तिथून गावापर्यंतचा मधला टप्पा या लांब पल्ल्याच्या लहरींनी पार करायचा, गावात पोचल्यावर वाय-फायने वाटायचा. सरकारच्या भारतनेट योजनेची फायबर ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत जाते. पाडे तिथून कोसभर लांब, मध्ये ओढा, मध्ये जंगल. नेमक्या त्या कोसभरासाठी हे तंत्र आहे. आयआयटीच्या या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाला 2017 मध्ये मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत सव्वा लाख डॉलरचं पहिलं पारितोषिक मिळालं. करंदीकर पुढे आयआयटी कानपूरचे संचालक झाले, 2023 मध्ये केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. प्रयोग करणारा माणूस दिल्लीत सचिवपदापर्यंत पोचला. प्रयोगाला मात्र पालघरची वेस ओलांडून देशभराच्या सेवेपर्यंत पोचता आलं नाही. मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवर सिद्ध झालेली गोष्ट राज्याने उचलून धरली नाही, हे आपल्या सगळ्यांचं अपयश आहे.

हे का अडतं? 2 फेब्रुवारी 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने टूजीचे 122 परवाने रद्द केले. तेव्हापासून लिलावाशिवाय लहरी द्यायच्या म्हटलं की सरकारी पेनाची शाई सुकते. भीतीचं मूळ खोटं नव्हतं. मर्जीने वाटप झालं होतं आणि त्याला चाप हवाच होता. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, राष्ट्रपतींनी मागितलेल्या मतावर, त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रत्येक नैसर्गिक संपत्तीसाठी लिलाव हा एकच मार्ग नाही. हे दुसरं मत फायलींत फारसं फिरत नाही. आणि वाटून वापरण्यात कुणालाच मक्तेदारी मिळत नसेल, तर लिलाव कशाचा करायचा? वाय-फायचा 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 मध्ये परवानामुक्त झाला. त्यातून लिलावाचा एक पैसा आला नाही. आज त्या पट्ट्याशिवाय एक दिवस काढून दाखवा.

त्याहून मागे जा. 9 फेब्रुवारी 1995. बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही जनतेची मालमत्ता ठरवली. मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचं. सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. विश्वस्ताने मालमत्ता पडीक ठेवली तर त्याला जाब विचारायचा असतो.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. 1948 चा कूळकायदा आणि 1 एप्रिल 1957 चा कृषकदिन यांनी ‘कसेल त्याची जमीन’ हे सूत्र कायद्यात उतरवलं. तिथे मालकाला जमीन सोडावी लागली होती. इथे तर कंपनीचं काहीच जात नाही: तिने टॉवर उभारला की दुसऱ्याने त्याच क्षणी उठायचं, ही अट यंत्रातच बसवलेली. एवढी सौम्य मागणी असताना इतका विरोध का, हे मला खरोखर कळत नाही.

कंपन्या म्हणतात, आम्ही लाखो कोटी मोजलेत. मोजलेत, आणि त्या बदल्यात त्यांना अडथळ्यापासून संरक्षण मिळालंच पाहिजे. पण जिथे टॉवरच नाही तिथे अडथळा कशाला येणार? ब्रिटनचा नियामक ऑफकॉम 2019 पासून ‘स्थानिक प्रवेश’ परवाने देतो. मोबाइल कंपनीने घेतलेला पण एखाद्या भागात न वापरलेला पट्टा त्या भागातल्या दुसऱ्या कुणालाही मागता येतो. आधी कंपनीला विचारतात. तिथे तिची लवकरच काही योजना असेल तर तिचा हक्क मोठा. नसेल तर तीन वर्षांचा परवाना, शुल्क 950 पौंड. आजच्या दराने लाखभर रुपये. आपल्या एखाद्या ग्रामपंचायतीला, आदिवासी विकास सोसायटीला, गावातल्या केबलवाल्याला झेपेल असा हा आकडा आहे. मेक्सिकोत वाहाका राज्यातल्या आदिवासी गावांनी 2013 पासून स्वतःचं मोबाइल जाळं चालवलं आणि 2016 मध्ये सरकारकडून त्यासाठी सामाजिक वापराचा स्पेक्ट्रम अधिकृतपणे मिळवला. वाहाकाच्या डोंगरात जमतं ते मेळघाटात जमू नये?

दुसरा आक्षेप संरक्षणाचा. लष्कराच्या लहरींना धक्का लागेल. या आक्षेपाचं उत्तर अमेरिकेच्या नौदलाने दिलंय. 3550 ते 3700 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्यांच्या विमानवाहू नौकांची रडारं चालतात. 2015 च्या नियमांनी तो तीन पायऱ्यांत वाटला. सगळ्यात वर नौदल. मग लिलावात हक्क घेतलेले. 2020 च्या त्या लिलावात 458 कोटी डॉलर आले. तिसऱ्या पायरीवर कुणीही, फुकट. किनाऱ्यावर संवेदक बसवलेत. त्यांना रडारची चाहूल लागली की मध्यवर्ती संगणक त्या भागातल्या सगळ्यांना 300 सेकंदांच्या आत पट्टा मोकळा करायला लावतो. दुसऱ्या पायरीवरच्याने विकत घेतलेला पट्टा वापरला नाही, तर तिसरी पायरी तिथे शिरते. वापरा, नाहीतर वाटून द्या. शाळा, कारखाने, गावकुसाबाहेर इंटरनेट पुरवणाऱ्या छोट्या कंपन्या त्यावर उभ्या राहिल्या. सरकारला पैसेही मिळाले, नौदलाचं रडारही चालू आहे.

एक गोष्ट मात्र या तंत्राच्या समर्थकांनी प्रामाणिकपणे कबूल करायला हवी. टीव्हीच्या मोकळ्या वाहिन्यांचा प्रयोग अमेरिकेत गाजला जितका, तितका पसरला नाही. खास यंत्रं लागायची, ती महाग, आणि कुणाच्या खिशातल्या फोनला ती फ्रीक्वेन्सी कळायचीच नाही. 3550 चा पट्टा चालला याचं मोठं कारण म्हणजे लोकांच्या हातातल्या नेहमीच्या फोनमध्येच तो बसवता आला. आपण यातून शिकावं. टीव्हीचा पट्टा मधल्या टप्प्यासाठी, म्हणजे फायबरपासून पाड्यापर्यंत. आणि पाड्यावर माणसाच्या फोनपर्यंत पोचायला मोबाइल कंपन्यांचाच पडीक फोरजी-फाइव्हजी पट्टा. फोन तयार आहेत, लहरी तयार आहेत. एखादी सहकारी संस्था छोटा टॉवर उभारू शकते. परवानगी तेवढी बाकी.

आणि परवानगीसाठी नवा कायदाही लागत नाही. दूरसंचार कायदा, 2023 चं कलम 7 काढून वाचा. एकाला दिलेला स्पेक्ट्रम, त्याला त्रास न होता, केंद्र सरकार दुसऱ्यालाही देऊ शकतं. कायद्याच्या भाषेत पहिला प्राथमिक धारक, दुसरा दुय्यम. त्याच कलमात पुढे आहे की पुरेशा कारणाविना स्पेक्ट्रम न वापरता पडून राहिला, तर म्हणणं ऐकून घेऊन सरकार ते वाटप संपवूही शकतं. दूरसंचार नियामक ट्रायने एप्रिल 2024 मध्ये अशा वाटून वापराची प्रत्यक्ष मैदानी चाचणी घ्या, अशी शिफारस केली. संसदेने दार उघडलं, नियामकाने आत या म्हटलं. आता खात्याने पाऊल टाकायला हवं.

असं काम चाचपडत, वर्षामागून वर्ष घालवत करण्याची आपली सवय घातक आहे. वाय-फायसाठी 6 गिगाहर्ट्झचा पट्टा अमेरिकेने एप्रिल 2020 मध्ये खुला केला, 1200 मेगाहर्ट्झ. आपण त्यातल्या खालच्या 500 चा मसुदा काढला मे 2025 मध्ये. पाच वर्षं. दहावीतला मुलगा तेवढ्यात पदवीला पोचतो.

सुरुवात लहान असली तरी चालेल. पालघर, नंदुरबार, गडचिरोली आणि मेळघाट, एवढ्या भागांपुरता कोणत्या कंपनीचा कोणता पट्टा कुठे वापरात आहे याचा नकाशा जाहीर करा. त्या नकाशावर जे पाडे अंधारात दिसतील तिथे दुय्यम वापराची परवानगी खुली करा, शुल्क ग्रामपंचायतीच्या ऐपतीचं ठेवा. नोंदवहीचं काम एखाद्या सरकारी तंत्रसंस्थेला द्या. आयआयटी मुंबईने याचा पाया घालून ठेवलाच आहे.

महाराष्ट्रातून लोकसभेत 48 खासदार जातात. तुम्ही ज्याला निवडून दिलंत त्याला पत्र लिहा आणि दूरसंचार मंत्र्यांना हे विचारायला सांगा: महाराष्ट्र सर्कलमध्ये विकलेला स्पेक्ट्रम तालुकानिहाय किती वापरात आहे? कलम 7 खाली आजवर किती दुय्यम धारकांना परवानगी दिली? ट्रायने सुचवलेली चाचणी कुठे आणि कधी झाली? प्रश्न तारांकित म्हणून द्यायला सांगा. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं, आणि त्यावर पुरवणी प्रश्नही विचारता येतात.